खुर्ची माणसाच्या मापाची

बैलाच्या मानेवर जू ठेवण्याआधी शेतकरी काय करतो? तो बैलाचा खांदा पाहतो. जू टोचते का, घासते का, हे पाहतो. जू बरोबर नसेल तर खांदा येतो, म्हणजे सुजतो. मग ऐन पेरणीत बैल बसून राहतो. म्हणून तर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. खांद्याला तेल, तूप, हळद लावतात. वर्षभर ज्याने ओझे ओढले, त्याच्या खांद्याची काळजी घ्यायची, ही आपली रीत आहे.

बैलासाठी आपण एवढे पाहतो. मग जो माणूस दिवसभर एकाच खुर्चीत बसणार आहे, त्याच्यासाठी किती पाहिले पाहिजे?

आम्ही आज चाकांच्या खुर्चीविषयी सांगणार आहोत. लोक तिला व्हीलचेअर म्हणतात. ही खुर्ची माणसाच्या मापाची असली तर त्याला जग मोकळे होते. मापाची नसली तर तीच खुर्ची जिवावर उठते. हे खोटे वाटेल. पण पुढे वाचा.

खुर्ची कोणाला लागते?

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात सहा तालुके आहेत: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. अक्राणीला आपण धडगाव म्हणूनही ओळखतो. तापीच्या काठी जमीन सपाट आहे. उत्तरेला सातपुडा आहे. तिथे एक घर या टेकडीवर, तर दुसरे त्या टेकडीवर. अशा पाड्यांवरून आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

या जिल्ह्यात खुर्ची कोणाकोणाला लागते, पाहा. कोणी मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडतो. पाठीचा कणा मोडतो आणि कमरेखालचे अंग लुळे पडते. कोणाची मोटारसायकल घसरते. कोणाला लकवा होतो. साखरेच्या आजाराने कोणाचा पाय कापावा लागतो. कोणाचे मूल जन्मापासून ताठर असते, मान धरत नाही. काहींना लहानपणी पोलिओ झाला. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण ज्यांना आधी पोलिओ झाला, ती माणसे आता मोठी झाली आहेत. त्यांना चालायचे आहे ते चाकांवरच.

साऱ्या जगात सुमारे ८ कोटी लोकांना चाकांची खुर्ची लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतल्या पुष्कळांना ती मिळतच नाही. आणि मिळते तेव्हा ती मापाची असतेच असे नाही.

दवाखान्यातली खुर्ची आणि घरातली खुर्ची

मोठ्या दवाखान्याच्या दारात चाकांची खुर्ची उभी असते. रोग्याला दारापासून खाटेपर्यंत न्यायचे, एवढेच तिचे काम. पाच-दहा मिनिटांचे. आज त्यात म्हातारी बसते, उद्या पहिलवान बसतो. ती सगळ्यांना चालते, कारण कोणीच तिच्यात राहत नाही.

घडी होणारी पोलादी खुर्ची १९३३ साली अमेरिकेत निघाली. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे एक खाण-अभियंता होते. अपघाताने त्यांचे पाय गेले होते. हॅरी जेनिंग्ज हे त्यांचे मित्र. त्यांनाही यंत्रांचे ज्ञान होते. मित्राला मोटारीत खुर्ची नेता यावी म्हणून दोघांनी मिळून ती बनवली. म्हणजे ती खुर्ची एका माणसाची गरज पाहून जन्माला आली. पुढे जगभर तशाच खुर्च्या हजारोंनी निघाल्या. मग माणसाची गरज मागे पडली आणि एकच माप सर्वांच्या वाट्याला आले.

ज्याला रोज आठ-दहा तास खुर्चीत काढायचे आहेत, त्याला हे एक माप चालत नाही. त्याची खुर्ची म्हणजे त्याचे पाय. दुसऱ्याच्या पायाची चप्पल घालून बाजाराला जाऊन पाहा, म्हणजे समजेल.

जखम कशी होते?

आता जिवावर उठते ते कसे, ते सांगतो.

आपण बसतो तेव्हा ढुंगणाची दोन हाडे खाली टेकतात. त्या हाडांखाली कातडी दबते. दबलेल्या जागी रक्त नीट जात नाही. आपल्याला थोड्या वेळाने कळ लागते. मग आपण न कळत बूड हलवतो. रक्त पुन्हा वाहू लागते.

पण ज्याच्या कण्याला मार बसला आहे, त्याला ती कळच लागत नाही. तो तासन्‌तास एकाच जागी बसतो. कातडी उपाशी राहते. आधी तिथे लाल किंवा काळसर डाग पडतो. मग कातडी फाटते. मग आतले मांस सडते. कधी कधी जखम हाडापर्यंत जाते. यालाच शय्याव्रण किंवा बेडसोर म्हणतात. लोकांना वाटते, ही जखम खाटेवर पडूनच होते. नाही. ती खुर्चीतही होते. त्या जखमेतून विष रक्तात भिनले तर माणूस दगावतो.

एके काळी कण्याला मार बसलेले बहुतेक लोक दोन-तीन वर्षांत मरत. कण्याच्या माराने नव्हे. या जखमांनी आणि लघवीच्या रोगाने. लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे अशा सैनिकांसाठी वेगळा विभाग काढला. त्यांनी नेम घातला की रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही. माणसे जगू लागली. मग त्यांनी त्यांना खेळायला लावले. १९४८ साली तिथे खुर्चीत बसलेल्या १६ जणांची धनुष्यबाणाची स्पर्धा झाली. आज जगभर पॅरालिम्पिक खेळ होतात, त्यांचे मूळ हे.

त्याच खेळात आपल्या महाराष्ट्राचा एक माणूस चमकला. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. ते सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालते. तिथले जवान खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतात.

म्हणजे पाय गेले तरी आयुष्य जात नाही. मात्र कातडी जपावी लागते. आणि कातडी जपायची तर खुर्ची मापाची हवी.

माप कसे घ्यायचे?

शिंपी सदरा शिवताना टेप लावतो. खुर्चीसाठीही टेप लागतो. आधी माणसाला सरळ बसवायचे. मग पुढील मापे घ्यायची.

एक, रुंदी. माणसाची बसल्यावरची रुंदी मोजायची. बैठक तेवढीच हवी. खुर्ची फार रुंद असली तर माणूस एका अंगाला कलतो. हात चाकाला पोहोचत नाही. घराच्या दारातून खुर्ची जात नाही. फार अरुंद असली तर मांड्यांना बाजू घासतात.

दोन, लांबी. ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजायचे. त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर कमी करायचे. म्हणजे बैठक आणि गुडघा यांत दोन बोटांची तरी फट राहते. बैठक लांब असली तर गुडघ्यामागे टोचते. ते चुकवायला माणूस पुढे सरकतो आणि पाठीत वाकतो. बैठक आखूड असली तर मांडीला आधार मिळत नाही. सगळा भार हाडांवर येतो.

तीन, पायदान. गुडघ्यामागून टाचेपर्यंत मोजायचे. पायदान फार वर असले तर गुडघे वर उचलले जातात आणि भार पुन्हा त्या दोन हाडांवर पडतो. फार खाली असले तर पाय लोंबतात आणि माणूस घसरतो. पाऊल सपाट टेकले पाहिजे. मांडीही पूर्ण टेकली पाहिजे.

चार, पाठ. ज्याच्या छातीत आणि पाठीत बळ आहे, त्याला पाठ खाली चालते. हात मोकळे राहतात. ज्याला तोल सावरत नाही, त्याला पाठ उंच लागते.

पाच, चाक. हात सरळ खाली सोडला तर बोटांची टोके मोठ्या चाकाच्या मध्यावर यावीत. मग ढकलताना खांदा दुखत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोराचे अंग वाढते म्हणून आपण सदरा सैल शिवतो. खुर्ची मात्र सैल घेऊ नये. मोठ्या खुर्चीत मूल कलते, आणि वाढत्या वयात पाठीचा कणा तसाच वाकडा होतो.

बोटांची परीक्षा

खुर्चीत चांगली गादी हवीच. घडी घातलेली गोधडी दोन दिवसांत दबून जाते. काही लोक मध्ये भोक असलेली हवेची गोल गादी देतात. ती वापरू नये. तिच्या कडेने सगळीकडून दाब येतो आणि मधल्या कातडीचे रक्त अडते. चांगल्या गादीत हाडांच्या खाली थोडा खोलगटपणा असतो आणि मांड्यांखाली घट्ट आधार असतो.

गादी बरोबर आहे की नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. आपली बोटे पुरतात. माणसाला गादीवर बसवा. त्याची परवानगी घ्या. त्याला एका बाजूला कलायला सांगा. दोन बोटे हाडाच्या बरोबर खाली ठेवा आणि मग त्याला सरळ बसू द्या. बोटांची टोके वर-खाली हलतात? मग गादी ठीक आहे. हलत नाहीत, पण सहज बाहेर निघतात? मग सावध राहा. बोटे चेपतात आणि बाहेर काढायला जड जाते? मग ती गादी धोक्याची आहे. ती बदला. दोन्ही बाजूंना असे पाहा. बाई असेल तर हे काम बाईनेच करावे.

शिकलेला हात हवा

आता प्रश्न असा, हे सगळे करणार कोण? खुर्ची देणारे पुष्कळ आहेत. शिबिर भरते, हार घातले जातात, फोटो निघतो. खुर्ची घरी येते. समजा, महिन्याने आशाताई घरी जातात. तेव्हा असे बोलणे होते:

"भाऊ, खुर्ची कोपऱ्यात का हो?"

"ताई, पोरगं घसरतं तीतून. आणि दारातून निघतच नाही ती. आता तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलंय."

यात बापाची चूक नाही. ज्याला कोणी विचारले नाही, मोजले नाही, शिकवले नाही, तो काय करणार?

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली खुर्चीविषयी नियमपुस्तिका काढली. ज्या भागात साधने थोडी आहेत, अशा भागांसाठी ती होती. २०१२ साली तिने आरोग्य कार्यकर्त्यांसाठी पहिला अभ्यासक्रम काढला. तो सुमारे पाच दिवसांचा आहे. डॉक्टरच असले पाहिजे असे नाही. नर्स, आरोग्यसेवक, व्यायामोपचार करणारे, गावात काम करणारे कार्यकर्ते, कोणीही तो शिकू शकतात. नुसती भाषणे नाहीत. शिकणारे स्वतः खुर्चीत बसतात, उतारावर ती चालवतात, एकमेकांची मापे घेतात. शेवटी खऱ्या गरजू माणसाचे माप घेऊन त्याला खुर्ची बसवून देतात. शिक्षक शेजारी उभे राहून पाहतात.

त्यात आठ पायऱ्या शिकवतात. गरजू माणूस शोधणे. त्याला भेटून सगळे विचारणे व मोजणे. कोणती खुर्ची हवी ते लिहिणे. पैशाची सोय करून ती मागवणे. खुर्ची जोडून तयार करणे. माणसाला बसवून माप जुळवणे. त्याला व घरच्यांना शिकवणे. आणि पुढे जाऊन पाहणे, दुरुस्त करणे. यातली एक पायरी गाळली तरी जिना मोडतो. आपल्याकडे बहुधा दुसरी, सहावी, सातवी आणि आठवी पायरी गळते.

आम्हाला वाटते, नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे काम वाटून घेता येईल. आशाताईंना घरोघरची माहिती असते. पहिली आणि आठवी पायरी त्यांची. माप घेणे आणि बसवणे हे शिकलेल्या व्यायामोपचारकाने किंवा आरोग्यसेवकाने करावे. दुरुस्ती सायकलवाला करील. त्यालाही एक दिवस बोलवावे. बोलणे माणसाच्या बोलीत व्हावे, भिलीत, पावरीत, अहिराणीत. ज्याची भाषा आपल्याला येत नाही, त्याचे दुखणे आपल्याला कळत नाही.

जमीन पाहून खुर्ची

माणूस मोजला, आता त्याचे घर मोजा. दार किती रुंद आहे? उंबरठा किती उंच आहे? पाणी कुठे आहे? शौचाला कुठे जातो? रस्ता मातीचा की डांबरी?

शहाद्याच्या सपाटीवर दूर बाजाराला जायचे तर हाताने पायडल मारायची तीनचाकी सायकल सोयीची. पण ती घरात शिरत नाही. घरात वेगळी सोय लागते. सातपुड्यात दगडगोटे आहेत. तिथे पुढची बारकी चाके रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. तिथे पुढची चाके मोठी, रुंद आणि थोडी पुढे बसवलेली हवीत.

राल्फ हॉचकिस या अमेरिकन अभियंत्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९६६ साली मोटारसायकलच्या अपघातात त्यांचे पाय गेले. १९८० साली ते निकाराग्वा या गरीब देशात गेले. तिथल्या अपंग तरुणांबरोबर त्यांनी खुर्ची बनवली. खडबडीत रस्त्यावर चालणारी आणि गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येईल अशी. जो खुर्चीत बसतो त्यालाच तिचे गुणदोष कळतात, हा त्यांचा धडा आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उभ्या चढाच्या पाड्यावर कोणतीच खुर्ची सगळीकडे जाणार नाही. तिथे ती घर, अंगण आणि शेजार एवढ्यापुरती चालेल. पण अंगणात येणे हेही लहान नाही. जो माणूस चार वर्षे कुडाच्या भिंतीकडे पाहत पडला, त्याला अंगणात बसून डाळ निवडता आली, पोरांचा अभ्यास घेता आला, तर तो पुन्हा घरचा माणूस झाला.

बसणाऱ्याने काय करावे?

दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलका करावा. पुढे वाकावे किंवा आधी एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला कलावे. एक-दोन मिनिटे तसेच राहावे. रोज रात्री आरसा घेऊन किंवा घरच्यांना सांगून बूड पाहावे. डाग दिसला तर तो भाग दाबू नये, चोळू नये. त्यावर बसू नये. डाग लवकर गेला नाही तर दवाखान्यात जावे. ओले कपडे लगेच बदलावेत. अन्नात डाळ, अंडी, मासे असावेत. अशक्त अंगाला जखम लवकर होते.

ढकलणाऱ्यानेही शिकावे. मोठा उतार असेल तर खुर्ची उलटी करून, मागे मागे जात उतरवावी. उचलताना पायदान धरू नये, ते निसटते. खुर्चीत बसताना-उठताना आधी ब्रेक लावावा.

आठवड्यातून एकदा खुर्ची पुसावी. नटबोल्ट आवळावेत. हवेचे टायर असतील तर अंगठ्याने दाबून पाहावे. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त दबला तर हवा भरावी. ब्रेक टायरवरच दाबतो. हवा नसली की ब्रेक सुटतो, हे विसरू नये.

हक्काने विचारा

गरजूंना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात या खुर्च्या बनतात. योजनेसाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला लागतो आणि उत्पन्नाची अट असते. दाखला सरकारी रुग्णालयात मिळतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब विचारा. शाळेला, दवाखान्याला उतरती वाट मागा. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग माणसाला हक्क दिले आहेत. ही भीक नव्हे.

आणि शिबिरात खुर्ची मिळेल तेव्हा नम्रपणे, पण ठामपणे चार प्रश्न विचारा. माप कोण घेणार? गादी मिळणार का? वापरायला कोण शिकवणार? मोडली तर कोठे जायचे?

चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर समजा खुर्ची मिळाली. नाही तर नुसते लोखंड मिळाले.

वाचा आणि सांगा

१. बेडसोर कशामुळे होतो? तो कण्याला मार बसलेल्यांना लवकर का होतो?
२. बैठक फार लांब असली तर काय होते?
३. बोटांची परीक्षा कशी करतात?
४. तुमच्या गावात किंवा पाड्यावर चाकांची खुर्ची कोणाला लागते? तिच्यात बसून त्या माणसाला घराबाहेर येता येते का? नसेल, तर काय अडते? वर्गातल्या सोबत्यांशी बोला आणि आशाताईंना सांगा.